ढालकरी दारात उभा राहतो

घराएवढी घोरपड मारायची कशी, या प्रश्नावर धान कापणीच्या दिवसांत आमच्या घरात महिनाभर खल चालला होता. घोरपड मीच तयार केलेली. दगडासारखी कातडी, शेपटीचा तडाखा, आणि दर तिसऱ्या पाळीला तोंडातून असा वाफारा की समोरचा भाजून निघावा. नागपूरला होस्टेलमध्ये शिकलेला हा खेळ. कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा फासा, एवढंच लागतं. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आपला माणूस काय करतो ते बोलतात, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. गोष्ट सांगणारी मी. खेळणारे दोघं, आई आणि बाबा.

सगळा खटाटोप बाबांसाठी होता. बाबा वनरक्षक. एप्रिलात, मोहफुलांच्या दिवसांत, जंगलातल्या कुटीजवळ त्यांच्या सोबतच्या वनमजुरावर अस्वलाने हल्ला केला. बाबा नाल्यावर पाणी आणायला गेले होते, ओरडा ऐकून धावत आले, जखमीला मोटारसायकलवर पाठीशी बांधून सिंदेवाहीला दवाखान्यात घेऊन गेले, असं सगळ्या गावाला माहीत होतं. माणूस वाचला. एक डोळा गेला. बुद्धपौर्णिमेला विहारात बाबांचा शाल देऊन सत्कार झाला. त्या दिवशी घरी परतले, त्यानंतर बाबांनी उंबरठा ओलांडला नाही.

सहा महिने. रजा वाढवून वाढवून संपली होती, आणि एक डिसेंबरला हजर झाला नाहीत तर नोकरीस अयोग्य ठरवू असं पत्र आलं होतं. बाबा मागच्या खोलीत खिडकी लावून बसायचे. आई त्यांना एकटं सोडायला घाबरायची, म्हणून तिचंही बाहेर जाणं बंद. मी ऑफिसचं काम घरून करायची परवानगी काढून आले, तर आठवड्याभरात मीही त्याच खोलीतली झाले. माझा जीव गुदमरायचा. चिडचिड व्हायची, आणि आजारी माणसावर कसलं चिडायचं म्हणून ती गिळून टाकायचे.

बेत साधा होता. खेळात बाबांना चार लढाया जिंकून द्यायच्या, म्हणजे भीती मोडेल, मग दार, मग अंगण, मग जंगल. माझ्या शहाणपणाची मला तेव्हा फार घमेंड होती.

आईला म्हटलं, तू मांत्रिकीण हो. ती ताडकन म्हणाली, "मंत्र-तंत्र आपल्यात नाई चालत. मले दुसरं काई दे." मग ती वैदू झाली. पहिल्याच लढाईत तिने जाहीर केलं, "वाऱ्याच्या अंगानं मिरच्याचा धूर करते. राक्षस असो नाईतर तुहा बाप, ठसका तं लागनच." मिरचीच्या धुराचा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता. आईपुढे नियमाचं काय चालणार, मी तो तिथल्या तिथे बनवला.

बाबांना मी ढालकरी केलं. पहिले आठ दिवस त्यांचा ढालकरी गुहेच्या तोंडाशी बसून राहिला. "मी इथीच बसतो. तुमी या जाऊन." आई आणि तिच्या जोडीला मी चालवत असलेला गडी मार खाऊन परत यायचे. एका दुपारी मात्र त्यांना राहवलं नाही. माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्यांनी कागदावर पडका किल्ला काढला.

"तुमी मैदानात काऊन लढून राह्यल्या? जनावर मोठं होय, तं जागा लहान पायजे. हे पाय, दगडाचं दार. मी इथी ढाल लावतो. तिचं डोस्कंच तेवढं आत येईन, शेपूट बाहेर राहीन. वाफारा टाकला का पुढच्या दोन पाळ्या आपल्या. आन् तिची मांगची वाट मोकळी ठेवा. कोंडलं का जनावर दुप्पट लढते."

आई माझ्याकडे बघून हसली. सहा महिन्यांत बाबा सलग एवढं बोलले नव्हते. त्या दिवशी ते पोटभर जेवले, दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच फासा शोधू लागले. मला वाटलं, जिंकलं.

युक्तीत एकच अडचण होती. घोरपडीला दारापर्यंत आणायचं कोणी? दोघंच खेळणारे कमी पडतात, म्हणून एक तिसरा गडी, एक वाटाड्या, मी चालवत होते. पळण्यात तोच चपळ. तेव्हा बाबांनी ठरवलं, वाटाड्याने घोरपडीला चिडवायचं, पळत आत शिरायचं, आणि तो आत आला की ढालकऱ्याने दारात उभं राहायचं. बेत चोख होता.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही तो खेळलो. घोरपड चिडली, वाटाड्या पळाला, आणि त्याच्यासाठी टाकलेला फासा एकवर थांबला. एक म्हणजे सगळ्यात वाईट दान. वाटाड्या दारापासून दहा पावलांवर तोंडघशी पडला. घोरपड मागे.

मी मनात खूश झाले. आता ढालकरी बाहेर धावणार, गड्याला ओढून आणणार, मला हवी होती तीच घडी आयती चालून आली होती.

"ढालकरी काय करतो, बाबा?"

बाबांनी फासा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "दार लावतो."

"अवो, तो बाहेर हाय ना अजून!" आई म्हणाली.

"लावलं."

मला राग आला. इतकी मेहनत, आणि हे असं? मी नियमाने गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी म्हणाले, "वाटाड्या कसाबसा उठला. दारापाशी आला. दार वाजवतोय." आणि बोटांच्या पेरांनी जमिनीवर तीनदा ठोकलं.

बाबांनी दोन्ही हातांनी कान झाकले.

मग हात खाली घेऊन ते जमिनीकडे बघत बोलायला लागले. ते नाल्यावर गेलेच नव्हते. वनमजूर पाण्याला गेला होता, बाबा कुटीत होते. ओरडा ऐकून त्यांनी दार उघडलं, अस्वल पाहिलं, दार लावलं, कडी घातली. "तो दारापाशी आला होता. वाजवत होता. मले सारं आयकू येत होतं. अस्वल गेल्यावर मंग उघडलं."

"आन् त्याले काय सांगतलं?" आईने विचारलं.

"नाल्यावर होतो म्हनलं. मंग भेटलोच नाई."

आई कागद गोळा करून उठून गेली. दोन दिवस ती बाबांशी बोलली नाही. मला बाबांचा राग आला, मग दया आली, मग दया आल्याचा राग आला. तिथे मी असते तर काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारलं आणि उत्तर यायच्या आत लॅपटॉप उघडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा चपला घालून माझ्यासमोर उभे राहिले. "गाडी काढ. त्याच्या घरी जाऊ." स्कूटीवर मागे बसून त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला होता की नंतर दोन दिवस दुखत होता.

तो वनमजूर शेजारच्या गावी अंगणात खाटेवर बसला होता. अर्धा चेहरा दुपट्ट्याने झाकलेला. बाबांना पाहून तो उठला, जुन्या सवयीने साहेब, बसा म्हणाला. बाबा बसले नाहीत. त्यांनी तोंड उघडायच्या आधी त्यानेच विचारलं.

"साहेब, मी त्या दिवशी दार वाजवलं होतं. आतून कडी होती. तुमाले आयकू आलं होतं काय?"

बाबा म्हणाले, "आलं होतं. मी आतच होतो."

मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल, अंगावर येईल. बाबाही त्याच तयारीने उभे होते, हात खाली सोडून. तो मात्र खाटेवर बसला आणि घरात बघत त्याने हाक मारली, "आयकलं काय वं?"

त्याची बायको सूप हातात घेऊन दारात आली.

"सात महिने झाले, तुमी सारे म्हनता का मले भास होते," तो तिला म्हणाला. "दवाखान्याच्या त्या गोळ्या आता नोको देऊ मले."