रंगूनचा पेन्सिलचा ठिपका

चार माणसं एका जुन्या नकाशाभोवती बसली की किस्से जमवावे लागत नाहीत, साचतात. आमच्या नालवाडीतल्या रेडिओ मंडळात मी, कापडवाले प्रफुल्लभाऊ, रेडिओ दुरुस्त करणारे बाबाराव आणि समुद्रपूरचे देवरावकाका. काका भाजी पिकवतात आणि दर रविवारी एसटीनं येतात.

बाबारावांच्या दुकानात काकांच्या वडिलांचा रेडिओ स्टेशनांचा नकाशा लावलाय. प्रसारण नुकतं सुरू झालं तेव्हाचा. त्यावर मुंबई, कलकत्ता, कोलंबो, रंगून. आपला वर्धा जिल्हा? कोरा! मला तर रागच येतो.

वडिलांचा नियम असा: स्टेशन ऐकलं की त्यावर लाल शाईचा ठिपका, पण सोबत दुसऱ्या कुणी ऐकलं असेल तरच. नाहीतर पेन्सिल.

*

प्रफुल्लभाऊंनी एकदा आपल्या दुकानात कोलंबो लागल्याचं जाहीर केलं. साक्षीला गिऱ्हाईकही धरून आणलं!

बाबारावांनी गिऱ्हाइकाला विचारलं, "काय आयकलं?"

"मी तं लुगड्याचा भाव आयकून राह्यलो होतो!"

*

एक पोरगा नकाशा बघून तावातावानं म्हणाला, "हे टावर आहेत ना? मंग आमच्या गल्लीत रेंज काऊन नाई?"

बाबारावांनी गंभीरपणे गल्लीचं नाव लिहून घेतलं. पोरगा आभार मानून गेला!

*

अख्ख्या नकाशावर पेन्सिलचा ठिपका एकच, रंगूनचा. लग्नानंतरच्या वर्षी काकांनी ते एकट्यानं ऐकलं होतं. रेडिओवर त्या जागी आता नुसती खरखर. तरी काकांच्या खिशात कायम खोडरबर, न जाणो साक्षीदार मिळाला तर!

मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, मी लावतो शाई. कोण विचारतंय?"

"बापानं इचारलं तं?"

वडील जाऊन तीस वर्षं झालीत.

मग मी नकाशा लॅमिनेट करायचं सुचवलं. काका उठूनच उभे राहिले. "मंग पेन्सिल खोडाची कशी?"

*

गेल्या रविवारी काकू पहिल्यांदाच सोबत आल्या. वर्ध्यात चष्मा घ्यायचा होता. नवा चष्मा लावून त्यांनी नकाशा वाचायला घेतला आणि थांबल्या.

"रंगून! तीन घंटा वाजत, मंग एक बाई गाये."

काकांनी पिशवीतून त्या वेळची रेडिओच्या नोंदींची वही काढली. त्यात तेच होतं: तीन घंटा, मग बाई.

"तू कुठं होती?"

"भिंतीपल्याड. भाकरी करून राह्यली होती."

"मंग मले सांगितलं काऊन नाई?"

"तुमी इचारलं काऊन नाई?"

बाबारावांनी रेडिओचा आवाज बंद केला. काकांनी खोडरबर काढला, रंगूनचा ठिपका हळूहळू खोडला आणि लाल पेन काकूंच्या हातात दिला. "घे. तूच दे."

काकूंनी मला विचारलं, "बापू, यात समुद्रपूर कुठं येते?"

मी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. काकूंनी तिथंच चांगला ठसठशीत लाल ठिपका दिला.

"अवो, रंगून तिकडं हाये!" काका ओरडले.

"असू द्या. मी तं इथं आयकलं!"