कपाटावरचा पंजा

कपाटांच्या कारखान्यात त्यांना नावाने कोणी हाक मारतच नसे. सगळ्यांचे ते 'हातनको'.

लोखंडी पत्रा आधी तेलकटपणा काढणाऱ्या टाकीत बुडायचा, मग गंज खाणाऱ्या ॲसिडात, मग पाण्यात आणि शेवटी फॉस्फेटच्या कढत टाकीत. तिथून वर आला की त्यावर राखाडी साय धरलेली असे. रंगाला घट्ट धरून ठेवते ती ही साय. रंग चढण्याआधी तिच्यावर उघडा हात पडला, तर घामातलं मीठ रंगाखाली दडून बसतं आणि कधीतरी गंज होऊन वर येतं. म्हणून पत्र्याजवळ कोणी नुसतं फिरकलं तरी हे खेकसायचे, "हात नको!" मालकालाही त्यांनी सोडलं नव्हतं. हात लागलेला पत्रा मुकाट्याने परत ॲसिडात जायचा.

एकदाच नाही गेला.

नव्या घरासाठी त्यांनी स्वतःचं कपाट करायला घेतलं, तेव्हा बायको हौसेने बघायला आली. काय होतंय ते कळायच्या आत तिने दाराच्या पत्र्यावर अख्खा पंजा टेकवला. "अगंबाई, मखमलच की हो!"

टाक्यांवरचे चौघे यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एकजण म्हणाला, "काय हातनको, आज घसा बसला वाटतं?" सगळे फिदीफिदी हसले. ती पार ओशाळली.

"चुकलं का हो माझं?"

"छे गं," असं म्हणून त्यांनी पत्रा तसाच रंगाला धाडला.

कपाट वीस वर्षं ठणठणीत राहिलं. ती मात्र गेल्या वर्षी गेली. यंदा मागच्या भिंतीला ओल आली आणि दारावरचा रंग फुगला. सुनेने नखाने पापुद्रा काढला, तर खाली तांबूस डाग. तळवा, पाच बोटं, करंगळी जराशी वाकडी. लहानपणी दारात चेमटलेली तिची करंगळी.

सुनेला कपाट मुलीच्या खोलीत हवं होतं. "बाबा, रविवारी घासून रंगवून टाका ना. तुमच्याइतकं कोणाला जमणार?"

"बघू," म्हणत त्यांनी तीन रविवार ढकलले. रोज दारापुढे उभे राहायचे. डागाची बोटं दिवसेंदिवस जाडावत होती. घासलं तर पंजा आजच जाईल. नाही घासलं तर गंज पसरेल, नुसता डाग होईल आणि शेवटी पत्र्याला भोक पडेल.

चौथ्या रविवारी सून पॉलिश पेपर ठेवून गेली. नात आजीच्या पंजावर आपला पंजा मापायला गेली, तोच ते ओरडले, "हात नको!" पोर दचकून रडायलाच लागली.

सून धावत आली. सासरे ब्रशने पंजावर पारदर्शक वार्निश चढवत होते.

"हे काय, बाबा? गंज झाकायचा नसतो, हे तुम्हीच सांगायचात ना?"

"सांगायचो."

"मग टिकेल का हे?"

"नाही टिकायचं," ते म्हणाले, आणि ब्रश पुन्हा बुडवून करंगळीवरून हलकेच फिरवला.