न तपासलेल्या पेट्यांवरची सही

मद्रासला गिंडीत आमच्या कारखान्यात गॅसच्या शेगडीचे पितळी कॉक बनत. तपासायचं काम माझं. कॉक बंद करून त्यात पंपाने हवा भरायची आणि पाण्याच्या टबात धरायचा. बुडबुडा आला तर बाजूला. पेटी भरली की आतल्या चिठ्ठीवर मी सही करायची. मी चौथीपर्यंत शिकले, तेही तमिळमध्ये. सही मात्र मराठीत, आईने गिरवून घेतलेली.

आमचा माल घेणारे साहेब एकदा जर्मनीहून आले आणि अर्धा दिवस माझ्या शेजारी उभे राहिले. मी मान वर केली नाही. ते परत गेल्यावर त्यांचा निरोप आला: त्या बाईंच्या सहीच्या चिठ्ठ्या आधी फॅक्सने पाठवा, त्या असल्या की आम्ही इकडे माल पुन्हा तपासणार नाही.

मालक म्हणाले, "अक्का, आम्हाला व्हिसा लागतो. तुमची सही बटण दाबलं की जर्मनीत."

एकदा पंप बिघडला. जहाज सुटायला आलेलं, पेट्या तपासायच्या राहिलेल्या. मालकांनी कोऱ्या चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. "खराब निघून निघून किती निघतात? करा सही."

"पंप उद्या येईल," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. मी सह्या केल्या. फॅक्सचं मशीन एकेक चिठ्ठी आत ओढत होतं, ते बघत उभी राहिले.

तक्रार आली नाही. तरी फॅक्सची घंटा वाजली की माझा हात थांबे. घरी गॅस बंद केला की वाकून वास घ्यायची. लेक म्हणायची, "कॉकचा मुका घेतेस का, अम्मा?"

पुढच्या वर्षी साहेब पुन्हा आले. त्यांनी मला एक फोटो दिला. त्यात त्यांची मुलगी, कडेवर तान्हं बाळ, मागे पेटलेली शेगडी.

मालकांनी सांगितलं, "मुलीच्या नव्या घरी आपलाच कॉक बसवलाय. तुमची सही बघून गेल्या वर्षीच्या मालातला घेतला म्हणतात." तेवढ्यात फोन आला म्हणून ते आत गेले.

आम्ही दोघंच उरलो. मी फोटोतल्या शेगडीवर बोट ठेवलं आणि मान हलवली. नाही, नाही. साहेबांना वाटलं, मी फोटो घ्यायला लाजते. हसून त्यांनी तो माझ्या मुठीत दिला आणि वरून बोटं मिटवली.

मालक परत आले. "काय सांगत होतात, अक्का? मी सांगतो त्यांना."

मी म्हणाले, "बाळ गोड आहे."

ते त्यांनी इंग्रजीत सांगितलं.