आप्पांनी बांध कोरला!

आता माझ्या हुशारीचं काय सांगू तुम्हाला! भावाभावांत भांडण लावायला लोकांना वर्षं लागतात. मी ते चहा निवायच्या आत करून दाखवलं.

माझं पुण्यातलं काम नकाशांचं. एकाच जागेचे जुने-नवे उपग्रहाचे फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवायचे आणि मधल्या वर्षांत काय काय बदललं ते शोधायचं. कुठं नदी सरकली, कुठं ऊस वाढला. सुट्टीला राहूला, आमच्या गावी, घरी गेले आणि म्हटलं, आज आपलंच रान बघू!

बघते तर काय! आमचं रान आणि शेजारचं आप्पांचं, म्हणजे माझ्या सख्ख्या चुलत्यांचं रान, यांच्यामधला बांध चांगला वीस फूट आमच्या बाजूला आलेला!

"आबा!" मी वडिलांना हाक मारली. "आप्पांनी बांध कोरला!"

आबांनी कप खाली ठेवला. "बाळू असं करायचा न्हाई," धाकट्या भावाबद्दल एवढंच म्हणाले. पण आवाज पार खोल गेला होता हो.

माझ्या अंगात मात्र पुरावा संचारलेला! लॅपटॉप काखेत मारला आणि आबांना घेऊन थेट बांधावर. आप्पा उसाला पाणी देत होते.

"आप्पा, हे बघा! कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाई!"

आप्पांनी वाकून बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं! ते आबांकडं वळले. "दादा, तुला लागंल तेवढं घे की. माझ्यापाशी मोजायचं कशाला?"

आबांचे डोळे भरले. कुणाकडं बघावं कळेना, म्हणून मी स्क्रीनकडं बघितलं.

अगं बाई! विहीरही वीस फूट सरकलेली. देऊळ सरकलेलं. शाळा सरकलेली. अख्खं राहू एकाच दिशेनं गाव सोडून निघालेलं! जुना फोटो मी नव्यावर नीट बसवलाच नव्हता!

"आबा... बांध जागेवरच हाय. माझा फोटो सरकलाय."

दोघांनी वाकून सरकलेलं देऊळ बघितलं. मग एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून असे हसले, की पाणी भरल्या सरीतून रस्त्यावर गेलं तरी कुणाला पत्ता नाही. आप्पांनी माझं डोकं छातीशी धरलं. "येडी हाईस. चल, काकूनं मासवड्या केल्यात."

तेव्हापासून मी गावी निघाले की आप्पांचा फोन ठरलेला.

"निघालीस व्हय? मग आपलं घर सध्या कुठवर पोचलंय तेवढं बघून सांग. म्हंजी तुला आणाया तिकडंच गाडी धाडतो!"