मोडक्या अंगठ्याची रील

जैनोद्दीनइतकी घट्ट सुतळी तेरखेड्यात कुणी आवळत नव्हतं, हे त्याच्या वाईटावर असलेल्या माणसानंही कबूल केलं असतं. सुतळी बॉम्ब म्हणजे दारूचा पुडा घ्यायचा आन् दोरा गुंडाळायचा, असं शहरातल्या माणसाला वाटतं. वाटू द्या. प्रत्येक वेढ्यावर उजव्या अंगठ्याचा दाब लागतो. तो कमी पडला की बॉम्ब फुसका, आणि जास्त झाला की माणूस गेला. हा दाब कुणी शिकवत नसतं, अंगठ्यालाच कळावं लागतं. जैनोद्दीनच्या अंगठ्याला ते वीस वर्षं कळत होतं.

सहा वर्षांपूर्वी, तो कामाला होता त्या कृष्णराजच्या फटाक्याच्या शेडला आग लागली. आत जैनोद्दीनचा धाकटा भाऊ आरिफ होता. जैनोद्दीन त्या वेळी पुढच्या बाजूला, लांब लिंबाखाली होता. तो धावला तोवर पुढच्या दारातून जाळ बाहेर येत होता. म्हणून वळसा घालून मागच्या दारावर गेला, तर दाराला बाहेरून कुलूप. दोनच दिवसांपूर्वी लावलेलं, नवं कोरं. आतून आरिफ पत्र्यावर लाथा मारत होता. जैनोद्दीननं कुलूप ओढलं, दगडानं ठेचलं, शिव्या दिल्या. मग आतला माल एकदम उडाला. दाराचा पत्रा विळ्यासारखा आला आणि त्याच्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर घेऊन गेला. लाथा थांबल्या होत्या.

आरिफची बायको फरहाना तेव्हापासून जैनोद्दीनच्याच घरात राहते. तिनं कधी ऊर बडवला नाही. वर्षातून एकदा, त्या तारखेला, जेवण वाढता वाढता एवढंच विचारायची, "भाईसाब, मागच्या दाराला कुलूप का हुतं?" कुलूप मालकानं लावलेलं, कारण त्यालाच ठाऊक. कृष्णराज तोंड दाखवत नव्हता, गावात समोर आला की गल्ली बदलायचा.

शेड सुटली तसा जैनोद्दीन तलावाच्या नादी लागला. गावाबाहेरच्या पाझर तलावात मरळ आहे. मरळ हा मासा नव्हे, गुंड आहे. पिल्लं सोबत असली की समोर बेडूक पडो, साप पडो, भुकेनं न्हाय तर रागानं धरतो. जैनोद्दीनला तो लई आवडायचा. हातानं तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, ओढताना तळवे चिरायचे, रक्त निघायचं, तरी सोडायचा नाही. काठावर आणला की दगडानं डोकं ठेचायचा. एकदा ठेचायचं तिथं पाच वेळा ठेचायचा, आणि मासा केव्हाच मेलाय हे त्याला उशिरा कळायचं.

शेवटी तळहातांची चाळण झाली तेव्हा तो तालुक्याला, वाशीला, धनाजीच्या दुकानात गेला. धनाजी दावी, कासरे, विळे विकतो आणि एका फळीवर गळाचं सामान ठेवतो. त्यानं काठीला बसवून गळाचा दोरा गुंडाळायच्या दोन रीली समोर मांडल्या.

"ही स्पिनिंग. काठीच्या खाली लटकती. दोरा आपसूक सुटतो, आपसूक थांबतो. लहान लेकराला दिली तरी चालती. आन् ही बेटकास्टर. काठीच्या वर बसती, जाड दोरा घेती, झुडपातनं मरळ उपसून काढती. पर हिचं दोऱ्याचं चाक मोकळं फिरतं. त्याला अंगठ्यानंच दाबायचं. अंगठा चुकला की दोऱ्याचा नुसता गुंता." धनाजीनं त्याच्या हाताकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. "तुमी स्पिनिंग घ्या, जैनूभाई."

धनाजी भल्याचंच सांगत होता. पण भल्याचं सांगणारा माणूस कधी कधी असा झोंबतो, की मिरची परवडली.

"बेटकास्टर बांध," जैनोद्दीन म्हणाला.

"अंगठा लागतो तिला."

"म्हनूनच. सहा वर्सं झाली, बिनकामाचा पडलाय."

पहिले दोन महिने नुसती मारामारी. काठी फेकली की चाक सुसाट सुटायचं, अंगठ्याच्या त्या उरलेल्या मोडक्या पेराला वेळेवर धरता यायचं नाही, आणि रीलवर सुगरणीच्या खोप्यासारखा गुंता व्हायचा. खोपा निदान कामाचा असतो. जैनोद्दीन गुंता दातांनी तोडायचा. एकदा रील दगडावर आपटली, एकदा काठीनं बांधाची बोर झोडपून काढली. पेराची कातडी सोलली, भरली, परत सोलली. तिथं घट्टा पडला, आणि एक दिवस त्याच्या ध्यानात आलं की सुतळीचा जुना दाब परत आलाय. तोच, मापातला. अर्धाच अंगठा, पण त्याला पुन्हा कळायला लागलं होतं. त्या दिवशी तो काठावर बसून रडला. बघायला कुणी नव्हतं, हे बरं झालं.

हे झालं गेल्या पावसाळ्यात. दिवाळीनंतरच्या एका सकाळी तलावावर ट्रकच्या ट्यूबवर बसून कृष्णराज आला. दिवाळीत न खपलेले सुतळी बॉम्ब घेऊन, पाण्यात फोडून मासे मारायला. एक फुटला की ढोपराएवढं पाणी उडायचं आणि पिल्लांसकट सगळं पोट वर करून तरंगायचं. जैनोद्दीन काठावर काठी घेऊन उभा होता. मरळीची लाल पिल्लं मेलेली दिसली तशी त्याच्या टाळक्यात तिडीक गेली.

चौथा बॉम्ब कृष्णराजनं टाकला आणि तो फुटलाच नाही. वात विझलेली दिसली. वाऱ्यानं तो तरंगत परत ट्यूबजवळ आला. तेरखेड्यात सुतळी आवळणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगंल, विझलेल्या वातीवर भरवसा ठेवू नये, ती आतून चालत असती. पण कृष्णराज मालक होता. जन्मात एक बॉम्ब त्यानं स्वतः आवळला नव्हता. त्यानं हात घालून तो उचलला.

आवाज झाला. ट्यूब फाटली. कृष्णराज पाण्यात, डाव्या हाताची तीन बोटं कुठं गेली ती गेलीच, गाल फाटून दात दिसत होते. उजव्या हातानं त्यानं बुडालेल्या बाभळीची फांदी धरली. काटे तळव्यात घुसले तरी धरली. फांदी मोडायला लागली. पोहता त्याला येत नव्हतं, जैनोद्दीनलाही येत नव्हतं. वीस वावांचं, म्हणजे शंभर-सव्वाशे फुटांचं अंतर, आणि तलावावर दुसरं माणूस नाही.

जैनोद्दीननं काठी मागं नेली आणि फेकली. दोऱ्याच्या टोकाचा, दोन गळ लावलेला रबरी बेडूक हवेतनं गेला. अंगठ्यानं चाक दाबलं, बरोबर जागी. दोन्ही गळ कृष्णराजच्या खांद्यात, हाडाखाली मांसात बसले. तो गुरासारखा ओरडला. फांदी मोडली. आता तो फक्त त्या दोऱ्यावर होता. जैनोद्दीननं अजून रीलची मूठ फिरवून चाक अडकवलं नव्हतं. चाक मोकळं होतं, त्यावर फक्त ते मोडकं पेर. दाबलं तर माणूस वर, उचललं तर खाली.

"कृष्णराज," तो म्हणाला. आवाज चढवलाही नाही. "मागच्या दाराला कुलूप का हुतं?"

"वढा, जैनूभाई... मरतो म्या..."

"का हुतं?"

कृष्णराजच्या तोंडात पाणी आणि रक्त. "गडी... गडी मागच्या दारानं सारखं बिडी प्यायला जायचे. म्हनून. आईची आन."

बिडी. आरिफनं जन्मात बिडी ओढली नव्हती. एवढ्यासाठी. एवढ्यासाठी माझा भाऊ पत्र्यावर लाथा मारत मेला. जैनोद्दीनच्या डोळ्यांपुढं लाल झालं आणि पेर उचललं गेलं. आपोआप नव्हे. त्यानं उचललं.

दोरा सरकन सुटला. कृष्णराजचं डोकं खाली गेलं, पाण्यावर नुसते बुडबुडे राहिले.

आणि त्या बुडबुड्यांकडं बघता बघता जैनोद्दीनला लिंब आठवला. आग लागली तेव्हा तो लिंबाखाली काय करत होता? बिडी ओढत होता. कुलूप लागायच्या आधी मागच्या दारानं दिवसातून आठ वेळा कोण जात होतं? दुसरा कोण. तोच.

त्यानं पेर पळत्या चाकावर दाबलं. दोरा घट्टा चिरून आत गेला, मांसातून हाडापर्यंत, चाक रक्तानं भिजलं आणि थांबलं. मग त्यानं डाव्या हातानं मूठ फिरवली आणि मागं मागं चालत माणूस ओढला. काठावर आणला. उताणा केला, पोटावर दाब देऊन पाणी काढलं. हाताशी दगड होता. तो त्यानं लांब तलावात फेकून दिला.

महिन्याभरानं कृष्णराज जैनोद्दीनच्या घरी आला. गालावर टाके, डावा हात गुंडाळलेला. उंबऱ्याबाहेरच थांबला. जैनोद्दीन ओसरीवर बसला होता, फरहाना दारात. कृष्णराजनं खाली मान घालून कुलपाचं सांगितलं. पोलिसातही हेच लिहून देऊन आलो म्हणाला.

फरहानानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या हातात दोरा असता तर म्या सोडला असता."

कृष्णराजनं जैनोद्दीनच्या पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडं बघितलं. "यांनीबी सोडला हुता, भाभी. मग धरला."

फरहाना जैनोद्दीनकडं वळली. "का धरला?"

कृष्णराज पुढं होऊन काहीतरी बोलायला लागला, त्याला जैनोद्दीननं हातानंच थांबवलं.

"बिडी प्यायला मागनं जानारा म्याच हुतो, फरहाना. कुलूप माझ्यामुळं लागलं."

फरहाना आत गेली. आतून पेटी उघडल्याचा आवाज आला, कापड फाडल्याचा आला. बाहेर येऊन ती त्याच्यापुढं बसली. अंगठ्याची जुनी पट्टी सोडली, जखम बघितली, आणि आरिफच्या सदऱ्याची पट्टी त्यावर गुंडाळायला लागली. प्रत्येक वेढ्याला ती सगळा जोर लावून आवळत होती. जखम पुन्हा फुटली, कापड लाल झालं. सैल कर असं जैनोद्दीन म्हणाला नाही.