मामंजींचं वक्तृत्वशास्त्र

माझे सासरे वकील. सोलापूर सोडून विलायतेला निघालेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने सामान विकायला काढलं, तेव्हा लोकांनी खुर्च्या नेल्या, आरसे नेले. मामंजी एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. अठराव्या शतकात छापलेलं, इंग्रजी व्याकरण आणि वक्तृत्व शिकवणारं. वाळवीने त्याची चारदोन पानंच खाल्ली होती. पुढे तिलाही ते पचलं नसावं.

मामंजींना बारीक अक्षर दिसत नसे आणि मी थोडं इंग्रजी शिकलेली, म्हणून दुपारी ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. त्या जुन्या छपाईत शब्दातला 'एस' अगदी 'एफ'सारखा दिसे. पहिल्याच दिवशी मी 'सोल', म्हणजे आत्मा, या शब्दाच्या जागी 'फाउल' वाचलं, म्हणजे घाणेरडा.

"सूनबाई, माणसाला घाणेरडा म्हटलंय?" मामंजी दचकले.

"छापलंय तसं वाचते, मामंजी."

व्याकरणाच्या भागात मुद्दाम चुकीची वाक्यं दिलेली असत, विद्यार्थ्यांनी सुधारावीत म्हणून. मला ती चुकीचीच पाठ झाली. बरोबर वाक्यांत सगळे राजे आणि सद्गुण. चुकीच्या वाक्यांत निदान माणसं बोलत होती.

मामंजींचा जीव मात्र वक्तृत्वावर. भाषणाचे भाग पाच. आधी श्रोत्यांना खूश करायचं, मग हकिगत, मग पुरावे, मग विरोधकाचं खंडन, शेवटी समारोप. शिवाय हातांचे नियम. डावा हात एकटा कधीच उचलायचा नाही. मामंजी डावखुरे! त्यांनी डावा हात कोटाच्या खिशात कोंबला आणि कपाटाच्या आरशासमोर उजवा हवेत फिरवू लागले.

"कुणाला मारायला निघालात?" सासूबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं.

त्याच सुमाराला आमच्या गल्लीतला नळ कोरडा पडला. पाण्याच्या कामावरचे साहेब एका संध्याकाळी गाऱ्हाणं ऐकायला आले. देवळासमोर टेबल मांडलं आणि आमच्या वतीने मामंजी उभे राहिले. पहिल्या भागात त्यांनी गावाची, गावातल्या कापडाची आणि आमच्या सहनशीलतेची इतकी स्तुती केली, की साहेबांना वाटलं असावं, इथे कुणाची तक्रारच नाही. मग हकिगतीच्या तोंडाशी येऊन मामंजी थांबले. दुःखाच्या जागी मौन धरावं, असं पुस्तकात होतं. मौन इतकं लांबलं, की भाषण संपलं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब हात जोडून उठले.

"थांबा की ओ साहेब!"

आमच्या समोरच्या घरात माग होते. तिथली तेलुगू विणकरीण पुढे आली आणि तिने रिकामी घागर टेबलावर ठेवली.

"ही घ्या. आमच्या नळावर भरून आणा. तवर आमी हितंच बसतो."

सगळ्या बायका खरोखरच खाली बसल्या. साहेबांना नळापर्यंत जावं लागलं. त्यांनी तोटी फिरवली. आतून नुसती शिट्टी वाजली आणि गल्ली खदखदून हसली. चार दिवसांत पाणी आलं.

पाणी भरून झाल्यावर मामंजींनी कोट चढवला. मग मला बरोबर घेऊन समोर गेले.

"बाई, हे कुणाकडे शिकलात?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

"सासूकडं," ती माग न थांबवता म्हणाली. "वीस वर्सं भांडले की तिच्याशी. लई हुशार बाई!"

घरी येऊन मामंजींनी पुस्तक फडताळात वरच्या फळीवर ठेवलं. "डोळे थकलेत," म्हणाले. वाचत मी होते, डोळे त्यांचे थकले.

दुपारी मी मोकळी झाले आणि विणकरणीकडे जाऊन तेलुगू शिकू लागले. पहिला महिनाभर तिने मला फक्त भांडणातले शब्द शिकवले. ते मी भांडी घासताना मोठ्याने म्हणत असे. सासूबाईंना वाटे, सून काहीतरी स्तोत्र पाठ करतेय, आणि त्या शेजारणींना कौतुकाने सांगत.