तिच्या खाटेशेजारचं इंग्रजी

वंदना गेल्याची बातमी मला आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. ‘विथ प्रोफाउंड ग्रीफ...’ तिच्या मुलानं, निखिलनं, हॉस्पिटलमधूनच टाकलं होतं. खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. मी हात जोडले नाहीत. मला राग आला होता, आणि महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही.

वंदना मूळची यवतमाळकडची. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी पुण्यात आली, नारायण पेठेत आमच्या वरच्या मजल्यावर राहिली, आणि नवरा गेल्यावर एकटीनं मुलाला वाढवलं. पुढे निखिल आयटीत लागला, सून आली, आणि घरात एक रीत पडली. भांडण असो, परदेशी जायचा बेत असो, आईला कळू द्यायचं नसलं की दोघं इंग्रजीत सुरू व्हायची. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालता घालता ती मला म्हणाली, “ताई, माह्याच घरात मले परक्यावानी वाटते. मले इंग्रजी शिकवता काय?”

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, पण पुस्तक उघडलं की हिला झोप. म्हणून रोज संध्याकाळी गच्चीवर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून आम्ही नुसत्या गप्पा मारायचो. दिवसभरात घडलेलंच, पण इंग्रजीत... भाजीवाल्याशी घातलेली हुज्जत, न आलेलं पाणी, सुनेचा मूड. काळ तर तिनं स्वयंपाकातूनच पक्के केले. “यस्टरडे आय कुक्ड. टुडे आय कुक. टुमॉरो यू विल कुक, ताई!” मी चूक काढली की म्हणायची, “समजलं ना तुम्हाले? मग झालं.” दोनेक वर्षांत तिला घरातलं सगळं कळायला लागलं. पण तिनं तसं कुणाला भासवलं नाही. “वेळ आली की काढीन,” म्हणायची.

वेळ आली ती हॉस्पिटलमध्ये. कॅन्सर पसरला होता. मी भेटायला गेले होते, तेव्हाच डॉक्टर राउंडला आले आणि खाटेशी उभे राहून, तिच्या डोक्यावरून, निखिलशी इंग्रजीत बोलू लागले. औषधोपचारांचा आता फारसा उपयोग नाही, हवं तर घरी न्या. निखिल म्हणाला, “नो डॉक्टर, कंटिन्यू. अँड प्लीज, डोंट टेल हर.”

वंदनानं डोळे उघडले. “डॉक्टर, आय अंडरस्टँड. आय अ‍ॅम हिअर. आस्क मी. आय वाँट टु गो होम.”

डॉक्टर हसले. “अरे वा आजी, व्हेरी गुड इंग्लिश!” निखिलचा चेहरा फुलला. “आई, हे कधी शिकलीस गं?” नर्सनंही कौतुक केलं. शाळेचं बक्षीस वाटप चाललं होतं जसं काही! मी म्हणाले, “अहो डॉक्टर, ती काय म्हणाली ते ऐकलंत का?” “काकू, प्लीज,” असं म्हणून निखिल त्यांना दाराबाहेर घेऊन गेला. उरलेलं बोलणं तिकडे झालं. वंदना माझ्याकडे बघत राहिली. “आता काहून बाहेर गेले जी ते?” तिनं विचारलं. तिला घरी आणलंच नाही. आयसीयूत, नळ्या लावलेल्या अवस्थेत ती गेली.

ती गेल्यावर घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला निखिल हा किस्सा सांगत होता. “शेवटी शेवटी आई चक्क इंग्रजी बोलली!” लोक डोळे पुसत हसत होते. तिला घरी जायचं होतं, एवढी साधी गोष्ट होती हो! माझ्या हातातला चहा मी तसाच खाली ठेवला आणि उठले.

अजूनही संध्याकाळी मी गच्चीवर दोन खुर्च्या टाकते. परवा निखिल वर आला. बराच वेळ कठड्याशी घुटमळला, मग म्हणाला, “काकू, आईची शेवटची काही इच्छा होती का? तुम्हाला बोलली असेल.”

“बोलली होती,” मी म्हणाले. “तुझ्यासमोरच. मी नुसती शेजारी उभी होते.”

तो खाली मान घालून तिच्या खुर्चीत बसायला गेला. मी ती खुर्ची माझ्याकडे ओढून घेतली.